कूलरपुढचे चेहरे

आमच्या पारोळ्यात कुठल्याही गल्लीत शिरा, चार घरं हिंडा आणि भिंतीवरचे हार घातलेले फोटो बघा. गेलेल्या माणसांच्या अंगात तुम्हाला एकच कोट दिसेल. गडद निळा, बारीक रेघेचा, खिशात पांढरा रुमाल. ज्यांनी जन्मभर धोतर-बंडी सोडून काही घातलं नाही, ते गेल्यावर साहेब झाले. हा कोट युसूफभाईंच्या लॅपटॉपमधला. मुळात कोणाचा होता ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी एकदा म्हटलं, "अहो, वर सगळे एका जागी जमले तर बँडवाले वाटतील की!" युसूफभाई मान वर न करता म्हणाले, "ओळख तरी पटेल ना अक्का, की आपण सगळे पारोळ्याचे."

मी ब्लाउज शिवते. माझं दुकान आणि युसूफभाईंचं दुकान यांच्यामध्ये एक पत्रा, बस. त्यांच्याकडचं खोकणं मला ऐकू यायचं, माझ्या मशीनचा पाय त्यांना. वीसेक वर्षं असा शेजार केला. तरुणपणी ते छापखान्यात खिळे जुळवायचे. छापखाना बंद पडला, मग संगणक शिकले, मग लॅपटॉप घेतला. काम पत्रिकांचं. त्यातही लग्नाच्या कमी. लग्नाला लोकांजवळ वेळ असतो, ते जळगावला नाहीतर धुळ्याला जातात, सोनेरी कागद बघतात, दहा दुकानं पालथी घालतात. मरणाला वेळ नसतो. मग युसूफभाई.

आमच्याकडे माणूस गेल्यावर दिवसकार्य होतं त्याला गंधमुक्ती म्हणतात. त्याची पत्रिका काढतात, भाऊबंद आणि सोयऱ्यांची नावं घालतात, वर फोटो. पत्रिकेवरचाच फोटो मोठा करून भिंतीवर लागतो. हे सगळं युसूफभाई करायचे. कोणाच्या नावाआधी 'कैलासवासी' लावायचं, कोणाच्या आधी 'वैकुंठवासी', कोणत्या घरात चुलत्याचं नाव भावाच्या वर आलं की भांडण होतं, हे सगळं तोंडपाठ. मी हसायचे. म्हणायचे, "तुम्हाला आमच्या भाऊबंदकीचं बरं कळतं." ते म्हणायचे, "भाऊबंदकी आमच्यात नाही वाटतं का?"

दुखवट्याचं माणूस दुकानात आलं की आधी त्याला पाणी. मग युसूफभाई उठून मागच्या मोरीत हात धुवायचे, पंच्याला पुसायचे आणि मगच फोटो हातात घ्यायचे. मोबाइलवर पाठवलेला असला तरी हात धुवायचे. आणि एकच प्रश्न विचारायचे, "हसायचे का?"

लोक गोंधळायचे. बापाचा दहावा तोंडावर, आणि हा विचारतोय हसायचे का. पण त्यांचं काम त्यावर चालायचं. आधारकार्डावरचा फोटो आणला तर त्यात सगळेच पोलिसांनी धरल्यासारखे. हसणारा माणूस असेल तर ते ओठाच्या कडेला जरासं काहीतरी करायचे, कळेल न कळेल असं, आणि घरच्या बायका एकदम पदर तोंडाला लावायच्या. कोणी सांगितलं "नाही, रागीट होते", तर तसंच ठेवायचे.

एकदा एक जण वडिलांचा फोटो घेऊन आला. शिक्षक होता मुलगा, सुशिक्षित. म्हणाला, "जरा गोरं करा ना त्यांना."

युसूफभाई म्हणाले, "करतो. पण मग पिंडाला कावळा शिवणार नाही."

"का हो?"

"ओळखायला नको का त्याने?"

मी पत्र्यापलीकडून हसले तर तो पोरगाही हसला, आणि हसता हसता रडायला लागला. मग युसूफभाईंनी त्याला परत पाणी दिलं.

त्यांच्यातले काही त्यांना बोलायचे, म्हणायचे, तसवीर बनवणं बरं नाही. युसूफभाईंनी वाद कधी घातला नाही. "मी बनवत नाही, आलेल्यावरची धूळ पुसतो," एवढंच म्हणायचे. पण त्यांच्या स्वतःच्या घरात भिंतीवर एक फोटो नव्हता. आईने लावू दिला नव्हता, आई गेल्यावर त्यांनीही लावला नाही.

एक गोष्ट मात्र मी विसरत नाही. बोरी नदीकडच्या एका खेड्यातून तीन भाऊ आणि त्यांचा म्हातारा बाप आले. आई गेलेली, आणि तिचा एकही फोटो नाही. एका लग्नाच्या घोळक्यात ती होती, पण कोणाच्या तरी खांद्यामागे. अर्धं कपाळ आणि एक डोळा. युसूफभाईंनी विचारलं, तिला बहीण आहे का? आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणीला आणून माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसवलं, कारण उजेड माझ्याकडे चांगला होता. हनुवटी, गाल तिचे घेतले, डोळा आणि कपाळ फोटोतलं, आणि दोन दिवस खपून एक बाई उभी केली. मुलं बघून "आई, आई" करायला लागली. म्हातारा पुढे आला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हाई ती नही शे," तो हळूच युसूफभाईंना म्हणाला. "पन र्‍हाऊ द्या. पोरेस्ले चाली."

त्या संध्याकाळी युसूफभाईंनी चहासुद्धा घेतला नाही.

त्यांची बायको जुबेदा. बारीक आवाजाची, चालताना कधी चपलेचा आवाज न करणारी. माझ्याकडे कुर्ते शिवायला टाकायची आणि तिथंच बसून काजे करून द्यायची, नको म्हटलं तरी. कोरोनाच्या साली गेली. धुळ्याला नेलं होतं, तिथून परत आली नाही, तोंडही बघायला मिळालं नाही. त्या साली गंधमुक्तीच्या पत्रिका बंदच होत्या, जमायचीच बंदी. पण लोक मोबाइलवर फोटो पाठवायचे, आणि हे दुकानाचं शटर अर्धं ओढून आत चेहरे नीट करत बसायचे. मी म्हटलं, "अहो, घरी बसा काही दिवस." तर म्हणाले, "घरी काय आहे, अक्का?"

जुबेदाचा एक फोटो त्यांच्या लॅपटॉपमध्ये होता. नवा कॅमेरा आणला तेव्हा चालतो का बघायला म्हणून दुकानातच काढलेला. ती डबा द्यायला आली होती. हात तोंडापुढे धरून हसतेय, पण हात जरा उशिरा गेलाय, त्यामुळे सगळा चेहरा दिसतो. निकाहाचे फोटो होते, पण त्यात मान खाली. आधारकार्डाची झेरॉक्स होती, पण आधारवर कोण आपल्यासारखं दिसतं? दुपारी गिऱ्हाईक नसलं की पलीकडचा टकटक आवाज थांबायचा. तेव्हा मी समजायचे. पत्र्याच्या फटीतून एकदा दिसलं होतं मला, पुन्हा कधी डोकावले नाही.

तर हे सगळं त्या एका काळ्या लॅपटॉपमध्ये. पारोळ्याची आणि आजूबाजूच्या खेड्यांची गेलेली माणसं. दुसरीकडे कुठे ठेवलेलं नव्हतं. मोबाइल दुरुस्त करणारा एक ओळखीचा त्यांना सांगायचा, "काका, पेनड्राइव्हमध्ये घेऊन ठेवा." हे म्हणायचे, "पेनड्राइव्ह खिशात राहतो. खिसा धुण्यात जातो. लोकांची अमानत आहे, मी खिशात घालून संडासात जाऊ का?" तो म्हणायचा, "मग नेटवर टाका, वर राहील." हे म्हणायचे, "वरच गेलेत ते आधी. खाली थोडे उरलेत ते राहू दे." लोक वर्षश्राद्धाला परत यायचे, फ्रेम फुटली म्हणून यायचे, घर पडलं, पाणी शिरलं म्हणून यायचे. युसूफभाई नाव विचारायचे आणि दोन मिनिटांत माणूस पडद्यावर हजर. त्यांना त्याचा अभिमान होता. दुसरा कशाचा मी कधी पाहिला नाही.

आणि मग तो बिघडायला लागला.

चैत्र सरत आला होता. एक दिवस पलीकडून "अरे!" असं ऐकू आलं. मी गेले. पडदा सगळा निळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि वरती तोंड पाडलेला एक चेहरा, टिंबं आणि कंस जोडून काढलेला. बघता बघता पडदा काळा झाला आणि लॅपटॉप आपोआप परत सुरू झाला.

"बघा," युसूफभाई म्हणाले, "हाही दुखवट्याला आला."

हसलो आम्ही. पण मग रोज व्हायला लागलं. आधी दिवसातून एकदा, मग दर तासाला. नावं टाइप करून पत्रिका पुरी व्हायला यायची की निळा पडदा, की परत पहिल्यापासून. गिऱ्हाईक समोर बसलेलं, डोळे सुजलेले, आणि हे म्हणताहेत, "जरा थांबा, येतोय तो." कोणी म्हणालं व्हायरस आहे, त्याचं औषध घातलं. कोणी म्हणालं चार्जर बदला, बदलला. काही फरक नाही. एकाने सांगितलं की सगळं पुसून नव्याने भरा, चांगला चालेल. युसूफभाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा अर्धा टाकून गेला.

मग त्यांनी हात लावून बघितला. खालून तापलेला, भाकरीच्या तव्यासारखा. तेव्हा त्यांना वाटलं, सापडलं! ऊन. आता आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत नसेल तर सांगून कळणार नाही. वैशाखात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. नळाच्या पाण्यात हात घालवत नाही. घरोघरी पत्र्याचे कूलर, तीन बाजूंना वाळा लावलेला, मोटार पाणी वर चढवते, पंखा ओली हवा फेकतो. त्याच्यापुढे बसून आम्ही दोन महिने काढतो. माणसं, तान्ही बाळं, दमेकरी म्हातारे, सगळे कूलरपुढे.

युसूफभाईंनी दुकानातला कूलर फिरवला. आजवर तो त्यांच्या पाठीवर होता, तो त्यांनी लॅपटॉपकडे केला, अगदी जवळ आणून. स्वतः घामाने निथळत बसले.

मी म्हटलं, "अहो, तुम्हाला झळ लागेल."

"मला काही होत नाही. याच्यात एवढी माणसं आहेत, त्यांचा जीव उकडत असेल."

आणि बरं का, तो चालला! आठवडाभर एकदाही निळा झाला नाही. युसूफभाई खुश. मीच सगळ्यांना सांगत सुटले की बघा, कूलरने बरा केला. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आम्हाला जे गार करतं ते त्यालाही करेल, एवढंच डोक्यात. आमच्या पाण्याने कूलरच्या जाळीवर पांढरा खार चढतो, दरवर्षी तासून काढावा लागतो, हे काय आम्हाला माहीत नव्हतं? पण मनात आलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात तो असा बिघडला की पाच मिनिटं टिकेना. आतून टिक-टिक आवाज यायला लागला. मला अस्तर आणायला जळगावला जायचं होतंच. म्हटलं, चला, दोघं जाऊ. एसटीत त्यांनी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, "वर ठेवा ना चाचा." ते नुसते नाही म्हणाले.

जळगावच्या त्या दुकानात दुरुस्तीला एक मुलगी होती. तिने पाठीमागचं झाकण उघडलं. आतून ओल्या भिंतीसारखा वास आला. पांढरे डाग, हिरवा गंज.

"काका, हा कूलरपुढे असायचा का?"

मीच म्हटलं, "हो, तापायचा ना."

"येतात असे दर उन्हाळ्यात दोन-चार," ती म्हणाली. रागावून नाही, थकून म्हणाली. "आत धूळ बसली होती, पंखा अडकला होता, म्हणून तापायचा. ती साफ केली असती तर पुरे होतं. आता ओलीने बोर्ड गंजलाय. आणि ज्याच्यात तुमचं सगळं साठवलेलं आहे ती डिस्कसुद्धा जातेय, ऐका आवाज. आता हा चालू करू नका. एकदाही नका. दर वेळी चालू केला की आतलं आणखी थोडं मरतं. डिस्क काढून देते, मुंबईला पाठवा. तिथले लोक काढतात आतलं. निघेलच असं नाही, पण आशा आहे."

"इथं नाही का निघणार, बेटा?"

"मी हात लावणार नाही काका. माझ्या हातून गेलं तर?"

दुसरा कोणी असता तर तिथूनच पाठवून मोकळा झाला असता. पण युसूफभाई म्हणाले, "लोकांना विचारल्याशिवाय त्यांची माणसं परगावी कशी पाठवू?" डिस्कही काढू दिली नाही. टॉवेलात गुंडाळून परत घेऊन आले आणि सायकलवर घरोघर फिरायला लागले. लोक म्हणायचे, "पाठवा की, विचारता काय!" तरी सगळ्यांना विचारलं, जेवढे आठवले तेवढे. सोमवारी पाठवायचं ठरलं.

शनिवारी दुपारी लताबाई आली. बाजारपेठेत भाजी विकते ती. तिचा मुलगा महामार्गावर गेला होता. ट्रकने उडवलं, मोटारसायकल आणि मोबाइल दोन्हींचा चुरा. लायसन काढायला म्हणून युसूफभाईंनी त्याचा फोटो काढला होता, चार-सहा महिन्यांपूर्वी. गंधमुक्ती रविवारी.

ती येऊन उभी राहिली, बसली नाही. "दादा, मना पोर्‍या तुमना जोडे शे ना?"

तुमच्याजवळ आहे ना, म्हणजे त्याचा फोटो. युसूफभाईंनी तिला पाणी दिलं. उठून हात धुऊन आले. आणि खुर्चीत बसले. लॅपटॉप टॉवेलातच होता.

मी मध्ये पडले. म्हटलं, "लताबाई, त्याच्या मित्रांच्या मोबाइलमध्ये असतील की फोटो." आधारवरचा तर लहानपणचा होता. मित्रांकडे होते, सोबत आलेल्या तिच्या भाच्याने दाखवले. सगळ्यांत गॉगल, जीभ बाहेर काढलेली, बोटं वाकडी. "तो असा नव्हता," ती म्हणाली. मी युसूफभाईंना हळूच म्हटलं, "यातूनच करा ना काहीतरी. तुम्ही तर शून्यातून माणूस उभं केलंत."

"डोळे कुठून आणू अक्का?" ते म्हणाले. "गॉगल आहे." आणि त्यांचा हात टॉवेलाच्या गाठीकडे गेला.

मी म्हटलं, "पण ती जळगावची मुलगी काय म्हणाली होती? एकदाही चालू करू नका म्हणाली होती. सोमवार परवा आलाय. त्याच्यात जुबेदा आहे, युसूफभाई."

"तीच तर," एवढंच म्हणाले. काय तीच तर, ते मला आजही सांगता येणार नाही. भाच्याला पेनड्राइव्ह आणायला पिटाळलं, टॉवेल सोडला, बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं.

पहिल्यांदा निळा झाला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा लागला. त्यांचे हात असे भराभर चालले की मला दिसेनात. मुलगा सापडला, पेनड्राइव्हमध्ये गेला. झालं होतं. त्यांनी बंद करायला हात पुढे केला, तर पडद्यावर तो पोरगा होता, केसाला तेल लावून, पांढऱ्या शर्टात, लायसनसाठी शहाण्यासारखा बसलेला.

"थोडं र्‍हाऊ द्या," लताबाई म्हणाली. "माले देखू द्या."

युसूफभाईंचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. ती पुढे आली. पडद्यावर बोट ठेवलं, गालावर. आतून टिक-टिक चालली होती, मला ऐकू येत होती, त्यांनाही येत असणार. ती बघत राहिली, आणि युसूफभाई तिच्याकडे बघत राहिले, लॅपटॉपकडे नाही.

मग पडदा निळा झाला, काळा झाला, आणि परत लागला नाही.

लताबाईला कळलंच नाही. पेनड्राइव्ह पदराला बांधून गेली. तिच्या पोराची पत्रिका त्यांनी दुसऱ्याच्या संगणकावर बसून केली. चांगली झाली.

सोमवारी डिस्क मुंबईला गेली. पंधरा-वीस दिवसांनी परत आली, काही निघालं नाही म्हणून. पावसाळा लागल्यावर कोणाची भिंत खचली, कोणाच्या फ्रेमला बुरशी आली, लोक यायला लागले. युसूफभाई सांगायचे, "गेले सगळे. माझ्या हातून गेले." कोणी एक शब्द बोललं नाही त्यांना. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. दिवाळीच्या आधी त्यांनी दुकान काढून टाकलं आणि धुळ्याला मुलीकडे राहायला गेले.

मी मागच्या वर्षी डोळे दाखवायला धुळ्याला गेले होते, तेव्हा त्यांच्याकडे गेले. मुलीने चांगलं ठेवलं होतं. दाढी पांढरी झालेली, कपडे स्वच्छ. इकडचं तिकडचं बोललो. निघाले तर मला रिक्षापर्यंत पोचवायला आले, हातात दुधाची पिशवी.

कोपऱ्यावर थांबून म्हणाले, "अक्का, एक विचारू? जुबेदाच्या भुवईवर खूण होती, लहानपणी पडली होती त्याची. डाव्या की उजव्या?"

मी तोंड उघडलं, आणि मला येईना. तिच्या खांद्याचं माप मला येतं. बाहीचं येतं, गळा किती खोल चालायचा तिला ते येतं. एक खांदा जरा उतरता होता, तिकडे मी कापड जास्त धरायचे, हेही येतं. पण भुवई?

"आधारच्या झेरॉक्सवर बघितलं," ते म्हणाले. "काळं आलंय. मुलीला विचारलं, ती म्हणते खूणच नव्हती."

"होती," मी म्हटलं. "होती ना."

"हो ना? होती ना?" त्यांचा चेहरा जरा सुटला. "कोणत्या बाजूला ते आठवलं की फोन करा. केव्हाही करा."

रिक्षा आली. मी बसले. मागच्या काचेतून बघितलं तर ते रस्ता ओलांडत होते, दुधाची पिशवी छातीशी धरून, आणि मधोमध आल्यावर दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी आधी एका भुवईवर ठेवलं, मग दुसऱ्या.

थंडीत ते गेले. मी फोन केला नव्हता. मला अजून आठवलेलं नाही.